बर्फवाल्यांचा डावा सुळा

बिस्किटांच्या डब्याचे झाकण त्याने नेहमीप्रमाणे आवाज न करता उचलले आणि आत भलतेच तोंड निघाले. पांढरे शुभ्र, प्लॅस्टरचे, वरचा जबडा खालच्यावर चपखल बसलेला, दात कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे एका उंचीचे आणि एका ओळीत. जगातले सर्वांत निर्दोष तोंड. त्याने ते स्वतःच्या हाताने घडवले होते, आणि ते या डब्यात असायला नको होते. ते मागच्या हिवाळ्यातच मेहुण्याच्या पिशवीत बसून या घराबाहेर गेले, असे तो आज सकाळपर्यंत समजून होता. मग पिशवीत बसून गेले ते काय? हा प्रश्न त्याला पडला, आणि पडल्या पडल्या त्याने त्याच्याकडे पाठ फिरवली, कारण उत्तर ठाऊक होते. पाय घसरलेला माणूस जमिनीवर आदळेपर्यंत जसा अगदी शांत असतो तसा तो शांत उभा राहिला. बायको केस सेट करायला गेली होती. घर रिकामे होते. लॅबमध्ये, म्हणजे तळमजल्यावरच्या ज्या खोलीत बसून तो लग्नाआधीपासून लोकांच्या कवळ्या आणि कॅप बनवत आला होता त्या खोलीत, फळ्यांवर नंबर घातलेली शेकडो तोंडे ओळीने बसली होती, आणि ती आपल्याला हसतायत असे त्याला आज पहिल्यांदाच वाटले.

डबे दोन होते. एकाच दुकानातले, एकाच आकाराचे, झाकणावर एकाच गुबगुबीत मुलाचे चित्र असलेले. एकात निर्दोष तोंड. ते त्याच्या हौसेचे काम होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वेड्यावाकड्या हिरड्यांशी जमवून घेतल्यावर माणसाला एकदा तरी असे काही करावेसे वाटते की ज्यात गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या डब्यात त्याची बायको होती. म्हणजे तिचे तोंड होते, लग्नाआधीचे. गल्लीत त्याला कवळीकर म्हणत, आणि ते आडनाव नाही हे आता पोस्टमनसुद्धा विसरला होता. अशा माणसाने बायकोचे तोंड डब्यात ठेवले तर त्यात नवल ते काय, असे कुणीही म्हणेल. पण ते टाकून दिले असे त्याने तिला सांगितले होते. आणि आज दुपारी ते समुद्रकाठच्या बागेत, ब्राँझमध्ये, दीडपट मोठे करून, एका दिवंगत कारखानदाराच्या मिशांखाली लावलेले, जाहीररीत्या उघडले जाणार होते.

झाले होते असे. बायकोचा धाकटा भाऊ शिल्पकार होता. घरात त्याला सगळे 'कलावंत' म्हणत आणि सासरे हयात असताना त्या शब्दापाठोपाठ उसासा टाकत. या कलावंताला पहिल्यांदाच मोठे काम मिळाले होते. समुद्रकाठच्या बागेसाठी ज्यांनी जमीन दिली ते बर्फाच्या कारखान्याचे मालक, गावात त्यांना बर्फवाले म्हणत, त्यांचा पुतळा. बर्फवाल्यांनी जन्मभर बर्फ विकला आणि थोडा चेहऱ्यावर ठेवला. त्यांच्या एकाही फोटोत ओठ उघडलेले नव्हते. समितीने मात्र ठराव केला की बाग आनंदासाठी आहे, तेव्हा पुतळा हसरा पाहिजे. "ओठ मी हसवतो, भावोजी," मेहुणा म्हणाला होता, "त्यात काय! पण ओठ उघडले की आत काहीतरी पाहिजे ना? नुसता काळोख ठेवला तर लहान मुलं रडतील. मला एक तोंड द्या. कुणाचंही नको. कुणाचंच नसलेलं द्या." असे तोंड जगात एकच होते आणि ते याच्याकडे होते. त्याने अभिमानाने डबा दिला होता. पण मेहुण्याने बेल मारली त्या क्षणी तो लॅबमध्ये दुसराच डबा उघडून बसला होता. बायको तेव्हा बहिणीकडे गेलेली, घर रिकामे, आणि घर रिकामे असले की तो तो डबा उघडत असे. बेल वाजल्यावर बाटली लपवणाऱ्या नवऱ्याच्या लगबगीने त्याने झाकण लावले, डबा हाती लागला त्या फळीवर सरकवला, आणि मग अगदी खात्रीने, डोळे झाकून, चुकीचा उचलला. त्यानंतर बायकोचा गुडघा आखडला. ती कुठे गेली नाही. घर रिकामे झाले नाही. डबा उघडायचा योग आज आला.

तिचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. रांगेतल्या पोराने पुढच्याच्या खांद्यावरून डोकावून बघावे तसा. ती पहिल्यांदा लॅबमध्ये आली ती वडिलांची दुरुस्तीला टाकलेली कवळी न्यायला, आणि फळीवरची तोंडे बघून हसली. "ही सगळी कशाला हसतायत?" "हसत नाहीत," तो म्हणाला, "वाट बघतायत." हे वाक्य आपल्याला कसे सुचले ते त्याला अजून कळलेले नाही. पुढे जन्मात तसे सुचले नाही. त्या हसण्यात सुळा आधी बाहेर आला आणि मग बाकीचे दात, जसे एखाद्या घरातले आगाऊ पोर पाहुण्यांपुढे आधी येते. त्याने सरावासाठी माप देता का म्हणून विचारले. कसला सराव, हे तिने विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. माप घ्यायचे म्हणजे पत्र्याच्या नालासारख्या साच्यात गुलाबी लगदा भरायचा, तो तोंडात दाबून धरायचा आणि घट्ट होईपर्यंत थांबायचे. तेवढा वेळ समोरच्याला बोलता येत नाही. बसमध्ये 'जरा सरका' म्हणायचीही ज्याला चोरी, त्या माणसाने तेवढ्या वेळात लग्नाचे विचारून घेतले. ती "अं" म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण लगदा घशाकडे सरकला की ते कुणाच्याही येते. तो होकार होता की ओकारी, हे त्याने पुढे कधी विचारले नाही. लग्न झाले, त्या अर्थी होकार असणार. पण लेखी म्हणावा असा पुरावा एकच होता: लगद्यात प्लॅस्टर ओतून काढलेले ते तोंड, ज्यात तो 'अं' गोठून राहिला होता.

तिला तो सुळा आवडत नसे. आवडत नसे हे फार मवाळ झाले. शाळेत पोरी तिला 'डोकावणी' म्हणत. लग्नाच्या अल्बममधले निम्मे फोटो तिने कात्रीने असे कापले होते की त्यांत नवरा एकटाच हसतोय आणि शेजारी मानेपर्यंतची वधू उभी आहे. एका नातेवाइकाने हौसेने जुना फोटो मोठा करून भेट दिला, तर त्या घरी ती पुन्हा गेली नाही, त्या घरातली माणसे वारली तेव्हाही नाही. शेवटी डॉक्टरकडून तो सुळा तिने घासून घेतला आणि त्यावर बसवायची कॅप साहजिकच नवऱ्याने केली. त्याच्या आयुष्यातले ते सर्वोत्तम काम. रंग, चमक, काठाजवळची किंचित निळसर झाक, सगळे असे जुळले की डॉक्टर म्हणाले, "कळतसुद्धा नाही हो!" तेच तर. कळत नव्हते. तिचे हसणे त्या दिवसापासून सरळ झाले आणि लहान झाले. आता ते बहुतेक नाकातून येई. तो कामावर खूश होता आणि संध्याकाळी जेवताना उगीचच कुणी गावाला गेल्यासारखे वाटत होते. "तो जुना साचा टाकून द्या," ती म्हणाली, "ती बाई मला घरात नको." "टाकला," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गुबगुबीत मुलाच्या डब्यातली बिस्किटे घेऊन आला. ती बिस्किटे दोघांनी मिळून खाल्ली.

"अहो, तुम्ही अजून तसेच?" दारात ती उभी होती. केसांचा एक भव्य घुमट झाला होता आणि तो वाऱ्यात टिकावा म्हणून ती मान न हलवता बोलत होती. "निघायचंय ना? डब्यात काय आहे?"

"बिस्किटं," तो म्हणाला. मग ती हात पुढे करेल असे वाटून, "संपलीत."

"मग रिकामा डबा कवटाळून काय उभे राहिलात! कपडे बदला. पहिली रांग आपली आहे."

पहिली रांग. त्याला त्याच्या परीने शक्य होते ते सगळे त्याने केले. गुडघ्याचा विषय काढला. ती म्हणाली, गुडघा आज माझ्यापेक्षा उत्साहात आहे. हवेचा विषय काढला. ती म्हणाली, हवा समुद्रावर नाही तर काय जिन्यात खायची? शेवटी तो म्हणाला की त्याच्याच पोटात कसेसे होतेय, आणि ते खरे होते. "मग तुम्ही राहा घरी," ती इतक्या सहज म्हणाली की त्याचे पोट तत्काळ बरे झाले. कारण आपण घरी आणि ती तिथे एकटी त्या दातासमोर, हे चित्र त्याहून भयंकर होते. म्हणून थर्मास, संत्री, ब्रेडची पुडकी आणि घडीचे स्टूल घेऊन तो निघाला. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि भावाचे कौतुक सांगू लागली. लहानपणी तो साबणाचे ससे कोरायचा, घरात कुणाला साबण पुरत नसे. त्याला मात्र समोरच्या सीटवरच्या माणसाचे दात दिसत होते. त्याला माणसांचे आधी दातच दिसत. समोरचा दळणारा होता, रात्री झोपेत दात खाणारा. त्याच्या दाढा पार सपाट झालेल्या. पलीकडची बाई फक्त उजवीकडून चावत होती, डावीकडे काहीतरी दुखरे सांभाळत. जगात कुणाचेच तोंड कुणाचेच नसल्यासारखे नव्हते. मग आपण ते निर्दोष तोंड कशाला बनवले? कुणासाठी? या प्रश्नाने त्याला जरा बरे वाटले, कारण तो आजचा प्रश्न नव्हता.

बाग नेहमीपेक्षा जास्त बागेसारखी दिसत होती. लॉन कापलेले, बदकांच्या तळ्यात स्वच्छ पाणी, बाकांना इतका ताजा रंग की लोक बाकांकडे बघत उभे होते. समुद्राकडच्या टोकाला चौथरा, चौथऱ्यावर निळ्या कापडात गुंडाळलेले बर्फवाले. वारा कापडात शिरत होता आणि बाहेर येत होता, त्यामुळे बर्फवाले आत श्वास घेताहेत असे वाटत होते. मधूनच कापड तोंडापाशी आत ओढले जाई आणि तिथे काहीतरी टेंगूळ उमटे. नाक असेल. नाकच असणार. त्याने नजर वळवली आणि ती थेट बायकोच्या चेहऱ्यावर गेली. ती आनंदात होती. ओठ मिटून, पण आनंदात. "किती मोठं काम केलंय हो त्याने," ती म्हणाली, "बाबा असते तर उसासा टाकला नसता." तो म्हणाला, आपण जरा बदकं बघून येऊ. ती म्हणाली, बदकं कुठे पळून जातायत? तो म्हणाला, आपण मागे बसू, इथे वारा लागेल, केस. केसांचा मुद्दा लागू पडला. ती क्षणभर थबकली. पण तेवढ्यात तिने पर्समधून रुमाल काढला, घुमट बांधून टाकला, आणि पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसली. तिथून बर्फवाल्यांच्या तोंडापर्यंत सरळ रेषा काढता आली असती.

मेहुणा चौथऱ्याच्या मागे सिगारेट पीत होता. कोट भाड्याचा असावा; त्यात तो एकटा नव्हता असे वाटत होते. त्याने मेहुण्याला झाडाआड ओढले.

"एक विचारायचं होतं. ते तोंड. आत बसवलेलं."

"भावोजी!" मेहुण्याने त्याचे दोन्ही खांदे धरले. "मी तुमचे आभारच मानले नाहीत. काय दिलंत हो! कुणाचंच नसलेलं म्हटलं, तर मला वाटलं, मिळेल काहीतरी जाहिरातीतलं, चकाचक. आणि डबा उघडतो तर काय! तो एक सुळा! त्या एका सुळ्याने सबंध माणूस उभा केला. समितीवाले म्हणाले, सरळ करा. मी म्हटलं, पुतळा परत घेऊन जाईन. असं कुणाशी बोललो नव्हतो मी जन्मात."

"तुला तो सुळा... कुठे पाहिल्यासारखा नाही वाटला?"

"वाटला ना! तेच तर कलेचं. पाहिल्यासारखं वाटतं."

"काढता येईल का?"

मेहुण्याने त्याच्याकडे, मग सिगारेटकडे पाहिले. "भावोजी, ते ब्राँझ आहे. ती कवळी नाही, रात्री ग्लासात काढून ठेवायला."

"घासता येईल? थोडासा? वीस मिनिटं आहेत, माझ्याकडे घरी..."

"तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त टेन्शन आलंय," मेहुणा प्रेमाने म्हणाला आणि त्याला सिगारेट देऊ केली. तो सिगारेट पीत नसे. त्याने घेतली, उलटी धरली, ओठ भाजून परत आला आणि बायकोशेजारी बसला. आता सांगून टाकावे. आत्ताच, कापड पडायच्या आधी. अगं, एक गंमत झालीय. नाही, गंमत नको. अगं, तुला आठवतं का. पण 'टाकला' या एका शब्दावर इतकी वर्षे उभी होती, आणि तो शब्द मुळातून काढायचा म्हणजे वरची सगळी वर्षे हलणार. दात काढताना शेजारचे दातही हलतात, हे त्याच्याइतके कुणाला माहीत? ती त्याला काय म्हणेल याची त्याला भीती नव्हती. ती काहीच म्हणणार नाही, रुमाल सोडून, पर्स उचलून, बस पकडून निघून जाईल, आणि मग ज्या घरी ती पुन्हा कधीच जात नाही अशा घरांच्या यादीत आपले घर लागेल, याची भीती होती. तिला जाता येण्यासारखी बहीण होती, आणि गुडघा आज उत्साहात होता.

भाषणे सुरू झाली. अध्यक्षांच्या वरच्या कवळीची पकड सुटली होती. 'समुद्र', 'सौंदर्य', 'संस्कृती' अशा प्रत्येक शब्दाला ती खाली येई आणि ते तिला जिभेने वर ढकलत. एरवी त्याने यावर मनातल्या मनात पंधरा मिनिटे काढली असती. आज तो देवाकडे नाही तर वाऱ्याकडे काहीतरी मागत होता: गाठ बसू दे, दोरी अडकू दे, कापड अर्ध्यावर राहू दे, कपाळापर्यंत चालेल, नाकापर्यंतसुद्धा चालेल. मग बर्फवाल्यांच्या धाकट्या बहिणीला पुढे नेण्यात आले. त्या पंच्याऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या, कानांनी जवळजवळ निवृत्त. त्यांच्या हातात दोरी दिली. त्यांनी ती धरून ठेवली. "ओढा!" अध्यक्ष ओरडले. "कोण?" बाई म्हणाल्या. "ओढा, ओढा!" "अरे, पण कोण ओरडतंय?" शेवटी वाऱ्यानेच वैतागून एक झोत मारला, कापड फुगले, वर चढले, क्षणभर समुद्रावर निळे उडत राहिले, आणि बर्फवाले हसले.

सुळा आधी बाहेर आला होता आणि मग बाकीचे दात. उन्हात तो चमकत होता. इतक्या वर्षांत तो त्याने उघड्यावर पाहिला नव्हता. डब्यात पाहिला होता, ट्यूबलाइटच्या उजेडात, दार लावून, कान जिन्याकडे ठेवून. इथे त्याच्यामागे सगळा समुद्र होता. मिशा भलत्याच होत्या, गाल भलत्याच माणसाचे होते, आणि त्या परक्या चेहऱ्याच्या मधोमध ती लॅबच्या दारात उभी राहून विचारत होती, ही सगळी कशाला हसतायत? त्याच्या नाकाशी काहीतरी हुळहुळले. त्याने संत्र्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली. लोक टाळ्या वाजवत होते. आणि त्या टाळ्यांवरून म्हाताऱ्या बाईंचा, कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा, खणखणीत आवाज आला:

"दादाच! अगदी दादा! हा दात बघा, हा आमच्या आईकडचा!"

मग काय विचारता! बर्फवाल्यांचे सबंध कुटुंब चौथऱ्याभोवती जमले. पुतण्याने आपला वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला. नातसुनेने मुलाचे तोंड उघडून बघितले आणि "आहे, आहे, थोडा आहे" असे जाहीर केले. ज्या माणसाचे दात त्याच्या सख्ख्या माणसांनीही कधी पाहिले नव्हते, त्याच्या सुळ्याच्या आठवणी एकेकाला येऊ लागल्या. कुणाला तो दात त्यांनी बर्फाची लादी चावून फोडलेला आठवला. अध्यक्ष म्हणाले, हे साहेबांचे प्रसिद्ध हास्य. मेहुणा हात बांधून उभा होता आणि भाड्याचा कोट आता त्याला बसत होता.

त्याने मान वळवली नाही. फक्त बुबुळे वळवली. बायको पुतळ्याकडे बघत होती. डोके थोडे कलते, रुमालाचे टोक वाऱ्यात. बराच वेळ ती बघत होती. मग ती म्हणाली, "छान केलंय हो."

"हं," तो म्हणाला.

"डोळे किती छान केलेत. फक्त तो दात उगाच वाकडा ठेवलाय. माणूस हसतोय तर नीट हसू दे की! किती ओंगळ दिसतंय ते."

तो सुटला होता. हे त्याला लगेच कळले. तिने ओळखला नव्हता. कशी ओळखणार? माणूस स्वतःचे दात बघतो कुठे, आणि तिने तर बघायचेच नाही असे ठरवून इतकी वर्षे काढली होती. आता फक्त 'हो ना' म्हणायचे होते. संसारात त्याने कशाकशाला 'हो ना' म्हटले नव्हते? पडद्यांच्या रंगाला, भिंत पाडण्याला, तिच्या बहिणीच्या नवऱ्याच्या विनोदांना. दोन शब्द, की मग संत्री सोलायची, थर्मास उघडायचा, बदके बघायची आणि घरी जायचे.

"वाकडा नाहीये तो," तो म्हणाला.

"अहो, ढळढळीत वाकडाय!"

"चढलेला आहे. वाकडा वेगळा, चढलेला वेगळा." आपला आवाज वर जातोय हे त्याला कळत होते. मागच्या रांगेतले लोक बघू लागले. "आणि ओंगळ काय म्हणून? तो एक आहे म्हणून ते हसतंय. नाहीतर नुसते दात आहेत. दात काय, माझ्याकडे पोत्याने आहेत! तो सरळ केला ना, की सगळं बंद होतं. दार लोटून घेतल्यासारखं. मी सांगतोय तुला. मी केलाय सरळ. माझ्या हाताने केलाय, आणि इतका चांगला केला की..."  इथे संत्र्याच्या पिशवीचा बंद तुटला आणि एक संत्रे घरंगळत अध्यक्षांच्या बुटापाशी जाऊन थांबले.

ती त्याच्याकडे बघत होती. मग पुतळ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. तिच्या मिटलेल्या ओठांच्या आत, डाव्या बाजूला, जीभ काहीतरी चाचपत फिरताना त्याला बाहेरून दिसली.

"टाकला म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"कुठे होता?"

"डब्यात. लॅबमध्ये."

"इतकी वर्षं?"

"हो."

"आणि ठेवला तो ठेवला, तो या मिशाळाच्या तोंडात दिलात?"

"चुकून."

"काय चुकून? ठेवला ते चुकून, की दिला ते चुकून?"

"दिला ते," तो म्हणाला.

 आता ती रुमाल सोडेल, असे त्याला वाटले, आणि तिने रुमाल सोडला. घुमट एका झोतात आडवा झाला. आता ती पर्स उचलेल, असे त्याला वाटले, आणि तिने पर्स उचलली. तो उठून उभा राहिला. काहीतरी म्हणायला हवे होते, पण त्याच्या तोंडात जणू कुणी गुलाबी लगदा भरून दाबून धरला होता. त्याच्या घशातून "अं" असे काहीतरी आले. तिने पर्स त्याच्या हातात कोंबली.

"धरा," ती म्हणाली आणि चौथऱ्याकडे चालू लागली.

तिथे फोटोग्राफर हात हलवत होता. "फक्त घरची माणसं! बाकीच्यांनी बाजूला व्हा! फक्त नात्यातली!" बर्फवाल्यांचे घरचे दोन रांगांत उभे राहत होते. ती सरळ त्यांच्यात शिरली. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, तुम्ही?" ती म्हणाली, "माझ्याइतकं जवळचं इथे कुणी नाहीये." हे ती अशा आवाजात म्हणाली की त्याने निमूट कॅमेऱ्याला डोळा लावला. म्हाताऱ्या बाईंनी तिला न्याहाळले आणि खुर्चीशेजारी, अगदी पुतळ्याच्या पायाशी, जागा करून दिली. "ये गं, ये. तू आईकडच्यांपैकी का?" त्यांनी ओरडून विचारले. "हो," ती त्यांच्या कानात ओरडली, "दातावरून ओळखलंत का?" "ओळखणार नाही तर!" बाई म्हणाल्या आणि तिचा हात थोपटू लागल्या.

"हसा!" फोटोग्राफर म्हणाला. "ओ काका, तुम्ही मध्ये येताय! मागे व्हा!"

काका म्हणजे आपण, हे समजायला त्याला वेळ लागला. एका हातात पर्स, एका हातात थर्मास, काखेत स्टूल, तो मागे झाला. "अजून मागे!" तो अजून मागे झाला. खुर्च्यांच्या रांगा मागे पडल्या, लॉन संपले, टाचेखाली काहीतरी मऊ लागले. "फुलं आहेत तिथे!" माळी कुठूनतरी ओरडला. "ओ! फुलांत कुठे उभे राहताय!" तो हलला नाही. इतक्या लांबून त्याला दात दिसत नव्हते. बर्फवाल्यांचे नाही, तिचेही नाही, चढलेला कोण आणि सरळ कोण काही कळत नव्हते. कॅप कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते तेही नाही. वर एक जण हसत होता आणि त्याच्या पायाशी एक बाई मान मागे टाकून हसत होती, तिचा आवाज वाऱ्याबरोबर, थोडा उशिरा, इथपर्यंत येत होता, आणि तो नाकातून येत नव्हता.

"अहो, ऐकू येतं का?" माळी अगदी जवळ येऊन म्हणाला.

"येतंय," तो म्हणाला, "जरा गप्प बसा."